दोन लाइनी, एक राउटर: देवगडच्या घरातल्या प्रकल्प नोंदी

३ मे २०२५

घर देवगडजवळ, सड्यावर. फूटभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, तीन बाजूंना हापूसची कलमं, पश्चिमेला माड. लाइनी दोन. पहिली खांबावरून येणारं फायबर, ४० एमबीपीएस उतरणीला (डाउनलोड) आणि २० चढणीला (अपलोड). दुसरं ४जी सिम, रोज दीड जीबी, ते संपलं की वेग ६४ केबीपीएस. घरात वायफाय एकच राहावं आणि एक लाइन पडली की काम दुसरीवर आपोआप सरकावं, एवढंच करायचं आहे.

पुढचा गैरसमज आजच मिटवून ठेवू: फायबरचे ४० आणि सिमचे साधारण १५ मिळून ५५ होत नाहीत. राउटर पाकिटं (डेटाचे सुटे तुकडे) वाटत नाही, कनेक्शनं वाटतो. एखादी फाइल उतरते ती एका कनेक्शनवर, आणि ते ज्या लाइनवर बसलं तिच्याच वेगाने ती शेवटपर्यंत चालते. स्पीड टेस्ट एकाच वेळी बरीच कनेक्शनं उघडते म्हणून तिथे ५५ दिसू शकतात. त्या आकड्यावर भाळू नये.

सामान: एमटी७६२१ चिपचा पाच गिगाबिट पोर्टांचा राउटर (१६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम), त्यावर ओपनडब्ल्यूआरटी २४.१० ही राउटरची मुक्त प्रणाली. इथरनेट पोर्ट असलेला ४जी मोडेम. कॅट-६ केबल ३० मीटर. फायबरचा ओएनटी (प्रकाशाचं इथरनेट करणारी पेटी) कंपनीचाच, ब्रिज मोड (नुसतं पुढे पाठवणं) मिळाला नाही, म्हणून तो राउटर मोडमध्येच राहणार.

५ मे

पत्त्यांची भांडणं आधी सोडवली. ओएनटी १९२.१६८.१.१ वर बसतो, ओपनडब्ल्यूआरटीही मुळात तिथेच. दोन्ही बाजूंना एकच सबनेट (पत्त्यांचा पट्टा) असेल तर राउटरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे कळत नाही, आणि लक्षण असं की पत्ता मिळतो, दिवा हिरवा असतो, पान मात्र उघडत नाही. ठरवलं ते असं: ओएनटी १९२.१६८.१.१, मोडेम १९२.१६८.८.१, घरातलं जाळं १९२.१६८.५०.१.

दुसरी लाइन आत घ्यायला लॅन४ पोर्ट घरातल्या पोर्टांच्या गटातून (ब्रिजमधून) काढला आणि त्यावर ‘वॅनबी’ नावाचा नवा इंटरफेस केला, प्रोटोकॉल डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळतो). दोघांना वेगळा मेट्रिक (पसंतीचा क्रम, लहान आधी) द्यावाच लागतो: वॅन (फायबर) १०, वॅनबी (सिम) २०. फायरवॉलच्या वॅन झोनमध्ये वॅनबी घालायला विसरलं की राउटरवरून पिंग (उत्तर मागणारं छोटं पाकीट) जातो पण घरातल्या फोनवर काही येत नाही, कारण नॅट (घरातल्या पत्त्यांना बाहेरचा एक पत्ता लावणं) त्या झोनवरच लागतो. पहिल्यांदा हे करणारा जवळजवळ प्रत्येकजण इथे अर्धा तास घालवतो.

डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा): दोन्ही इंटरफेसवर ‘पीअर डीएनएस’ (कंपनीने दिलेला) बंद, हाताने १.१.१.१ आणि ८.८.८.८. कंपनीचे डीएनएस सर्व्हर बहुधा फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. फायबर पडलं आणि काम सिमवर गेलं तरी राउटर फायबरवाल्याच्याच डीएनएसला विचारत बसला, तर लाइन चालू असून इंटरनेट बंद.

आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब पत्ते) घराच्या बाजूला बंद केलं. दोन लाइनी दोन वेगळे प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) देतात आणि फोन स्वतःच ठरवतो कुठला पत्ता वापरायचा. लाइन पडली तरी तो जुना पत्ता धरून बसतो. हे बंद करणं जिवावर येतं, पण दोन लाइनींच्या घरगुती मांडणीत आज तरी हाच कमी त्रासाचा मार्ग.

९ मे

एमवॅन३ (लाइन निवडणारं पॅकेज) आणि त्याचं लुची पान (राउटरच्या वेबपानांतलं) बसवलं. रचना चार पायऱ्यांची: इंटरफेस, मेंबर, पॉलिसी, रूल. मेंबर म्हणजे इंटरफेसला दिलेला मेट्रिक आणि वजन. मेट्रिक सारखा असेल तर वजनाप्रमाणे वाटणी होते, वेगळा असेल तर लहान मेट्रिकवाला आधी आणि दुसरा राखीव. नावं १५ अक्षरांच्या आत ठेवायची, लांब नाव चालत नाही.

केलेल्या पॉलिसी दोन. पहिलीत फायबर मेट्रिक १, सिम मेट्रिक २. दुसरीत फक्त फायबर, आणि ‘लास्ट रिसॉर्ट’ अनरीचेबल, म्हणजे फायबर नसेल तर त्या यंत्राला सरळ नकार. दुसरी टीव्हीसाठी. दीड जीबी टीव्ही तासाभरात पितो.

११ मे

सगळ्या प्रकल्पात डोकं लावण्याची जागा ही: लाइन मेली हे राउटरने ओळखायचं कसं.

चाचणी म्हणून ओएनटीकडून येणारी इथरनेट केबल उपटली. क्षणात सिमवर गेलं. ही चाचणी फसवी आहे. पोर्टची लिंकच गेली की राउटरला लगेच कळतं, त्यात कौशल्य काही नाही. कोकणात केबल घरात तुटत नाही, ती खांबावर तुटते. तेव्हा ओएनटी जिवंत, पोर्टचा दिवा हिरवा, डीएचसीपीचा पत्ता जागेवर, फक्त पलीकडे काही नाही. म्हणून खरी चाचणी ओएनटीच्या मागचा हिरवा कनेक्टर काढून करायची. टोकाला बोट लावायचं नाही, लगेच टोपी घालायची. तो कनेक्टर हिरवा आहे म्हणजे टोक ८ अंशांत घासलेलं. निळ्यात हिरवा घातला तर बसतो, पण प्रकाश वाया जातो.

हिरवा काढल्यावर मूळ सेटिंगवर बदल व्हायला मिनिटाहून जास्त लागलं. मग हे बसवलं, फायबरसाठी: तीन पत्त्यांना पिंग (१.१.१.१, ८.८.८.८, ९.९.९.९), रिलायबिलिटी २ (इतक्यांचं उत्तर पुरे), काउंट १ (प्रत्येकाला एक पिंग), टाइमआउट २ सेकंद, इंटरव्हल ५ सेकंद, डाउन ३ (इतक्या फेऱ्या चुकल्या की लाइन मेली), अप ८ (इतक्या जमल्या की परत आली). आता साधारण अर्ध्या मिनिटात सरकतं. नुसतं ५ गुणिले ३ करून १५ सेकंद येतील असं वाटतं, पण लाइन मेलेली असताना तिन्ही पिंग दोन-दोन सेकंद वाट पाहतात, तो वेळ प्रत्येक फेरीत मिळवायचा.

तीन पत्ते का: एखादा सार्वजनिक सर्व्हर मध्येच पिंगला उत्तर देत नाही. एकावर विसंबलं तर चांगली लाइन मेलेली ठरते. तीनपैकी दोन आले की पुरे. गेटवेला पिंग का नाही: इथे गेटवे म्हणजे ओएनटीच, घरातच बसलेला. तो तार तुटल्यावरही ‘आहे, आहे’ म्हणणार.

अप ८ का: पावसात फायबर येतं-जातं-येतं. दोन पिंग लागले म्हणून लगेच परत उडी मारली की व्हिडिओ कॉल दर मिनिटाला तुटतो. घाईने जावं, सावकाश परतावं.

सिमवर इंटरव्हल ३० ठेवला. ५ सेकंदांनी तीन पिंग म्हणजे दिवसाला ५१,८४० पिंग, जाण्यायेण्याचे मिळून साधारण ८.७ एमबी. ३० केल्यावर दीड एमबीच्या आत.

अजून एक खाचखळगा. लाइन बदलली तरी आधीपासून उघडी असलेली कनेक्शनं कनेक्शन ट्रॅकिंगच्या (कुठलं कनेक्शन कुठल्या लाइनवर याच्या) नोंदीत जुन्याच लाइनला बांधलेली राहतात. नवं पान उघडतं, चालू कॉल मात्र मुका. म्हणून फायबरच्या इंटरफेसवर ‘फ्लश कॉनट्रॅक’ला डिस्कनेक्टेड आणि इफडाउन (इंटरफेस बंद) हे दोन प्रसंग दिले. कनेक्टेड दिला नाही. फ्लश सगळा तक्ता पुसतं, आणि फायबर परत आल्यावर सिमवर नीट चाललेला कॉल तोडण्याचं कारण नाही.

१५ मे

दोन दिवस वाटणी करून पाहिली, फायबर ३, सिम १. बँकेच्या संकेतस्थळावर लॉगिन केल्यावर दुसऱ्याच पानाला बाहेर फेकलं गेलं. कारण उघड: पहिलं कनेक्शन एका पत्त्यावरून, दुसरं दुसऱ्यावरून, बँकेला ते चोरीसारखं दिसतं. यावर स्टिकी रूल (एका यंत्राची कनेक्शनं एकाच लाइनवर) असतो: पोर्ट ४४३ (सुरक्षित वेबचा), स्टिकी चालू, टाइमआउट ६०० सेकंद. टीसीपीबरोबर यूडीपी ४४३ लाही लावावा लागतो, कारण बरीच ॲप आता क्विकवर (यूडीपीवरचा नवा वेब प्रोटोकॉल) चालतात. मात्र स्टिकी लावल्यावर एक फोन दहा-दहा मिनिटं एकाच लाइनवर राहतो, म्हणजे वाटणीतून हाती आलं काय? आणि सिमचा डेटा दुपारी दोनलाच संपला. वाटणी काढून टाकली, फायबर आधी आणि सिम राखीव. दोन्ही लाइनी अमर्याद असतील आणि घरात माणसं जास्त असतील तरच वाटणीच्या वाटेला जावं.

२१ मे

मोडेम छपराबाहेरच्या पाइपवर डबीत होता, तिथून १४ मीटर कॅट-६ खाली, पीओई इंजेक्टरने त्याच केबलमधून वीज. काल रात्री विजा. सकाळी इंजेक्टर गेलेला आणि राउटरचा लॅन४ मुका. वीज घरावर पडली नव्हती. लांब तांब्याची तार उघड्यावर असली की जवळपासच्या विजेने तीत दाब उठतो, आणि तो राउटरमध्ये उतरतो.

राउटर वाचला. वॅनबीचं डिव्हाइस लॅन४ ऐवजी लॅन३ केलं आणि काम पुढे चालू.

उपायांचा विचार. इथरनेटचा सर्ज प्रोटेक्टर लावता येतो, पण तो चांगल्या अर्थिंगशिवाय शोभेचा. सड्यावर कातळ, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, अर्थिंगचा रोध हवा तेवढा उतरत नाही. त्यापेक्षा मोडेमच माळ्यावर, कौलांखाली आणायचा, बाहेर फक्त अँटेना ठेवायची आणि तिच्या केबलला गॅस डिस्चार्ज अरेस्टर (जादा दाब जमिनीत सोडणारा) लावायचा. तार लहान, मोडेम कोरडा. फायबरच्या ड्रॉप केबलमध्येही आधाराची पोलादी तार असते, ती घराबाहेरच्या हुकाला अडकवून तिथेच कापली. ‘फायबरला विजेची भीती नाही’ हे काचेच्या धाग्याबद्दल खरं आहे, त्या पोलादाबद्दल नाही.

२६ मे

काल, २५ मेलाच, मॉन्सून देवगडपर्यंत आला. ओएनटीच्या पानावर प्रकाशाची आवक ३ मेला उणे १९.४ डीबीएम होती, आज उणे २६.८ (शून्याच्या जितकं जवळ तितका जोर जास्त). अशा ओएनटीची मर्यादा उणे २७ च्या आसपास असते, त्यापुढे लाल एलओएस (सिग्नल गेला) दिवा. दिवा लुकलुकतोय, राउटर अर्ध्या तासात चार वेळा इकडून तिकडे गेला. अप ८ नसता तर चाळीस वेळा गेला असता.

कारण खांबावर सापडलं. झावळी पडून ड्रॉप केबल क्लँपशी काटकोनात दुमडली होती, आणि जोडाच्या डबीत पाणी. वाकलेल्या धाग्यातून प्रकाश बाहेर गळतो, तार तुटावी लागत नाही. लाइनमनने नवा कनेक्टर केला, डबी तोंड खाली करून बांधली. आता उणे २०.१. हा आकडा दर पंधरवड्याला टिपून ठेवायचा. तो सावकाश घसरू लागला तर लाइन पडायच्या आधी सांगता येतं.

३१ मे

अँटेना. मोजमाप मोडेमच्या पानावरून, प्रत्येक जागी दहा मिनिटं थांबून:

माजघरात आरएसआरपी (सिग्नलचा जोर) उणे ११३ डीबीएम, एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल, डीबीत) १. माळ्यावर कौलांखाली उणे १०४ आणि ५. बाहेर पाइपवर, जमिनीपासून ६ मीटर, उणे ९३ आणि १३.

चिरा सिग्नल खातो हे माहीत होतं. ओली कौलंही खातात, पावसात माळ्यावरचा आकडा ३–४ डीबीने उतरला. म्हणून अँटेना बाहेरच. दोन पोर्टांची पॅनल अँटेना, एलएमआर-२०० केबल पाच-पाच मीटर. ही केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण अर्धा डीबी खाते, म्हणजे पाच मीटरला अडीच. पंधरा मीटर ओढली असती तर अँटेनेने कमावलेलं केबलने गमावलं असतं. लांब केबल आणि भारी अँटेना यापेक्षा आखूड केबल आणि बरी अँटेना.

दिशा ठरवताना आरएसआरपीच्या मागे लागलो नाही. खाडीपलीकडचा टॉवर उणे ९० दाखवतो, गावातला उणे ९३, तरी खाडीकडे तोंड केल्यावर एसआयएनआर ४ वर आला. पाण्यावरून अडथळा नसतो, दोन-तीन टॉवर सारख्याच जोरात येतात आणि एकमेकांत मिसळतात. गावाकडे तोंड करून, खाडी पाठीशी ठेवून १३. बँड ३ (१८०० मेगाहर्ट्झ) ला लॉक केला. २३०० चा बँड ४० जवळ असेल तर वेगवान, पण कलमांच्या पानांतून येता येता अर्धमेला होतो.

खाऱ्या हवेसाठी: कनेक्टरवर आधी आपोआप चिकटणारी रबरी टेप, ताणून, मग वर काळी टेप. केबल आत शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पागोळीचं पाणी तिथून टपकतं, केबलवरून आत येत नाही. जुन्या मोडेमच्या आरजे-४५ मध्ये पिनांवर हिरवट गंज दिसला होता, तसा एका पिनेवर जरी धरला तरी गिगाबिटचा दुवा १०० एमबीपीएसवर उतरू शकतो.

८ जून

वीज. ओएनटी, राउटर, मोडेम मिळून १८ वॅट मोजले. तिन्ही १२ व्होल्टचे, ५.५ गुणिले २.१ मिलिमीटरचा जॅक. इन्व्हर्टरवर ठेवले तर १२ चे २३० आणि परत १२, फुकट उष्णता. सरळ १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घेतली: १५३.६ वॅट-तास, वापरायचे १३०, कन्व्हर्टरचं नुकसान वजा जाता ११५. सहा तासांहून थोडं जास्त.

इथे एक चूक सहज होते. ही बॅटरी चार्ज होताना १४.६ व्होल्टपर्यंत चढते. ओएनटीला थेट जोडली तर तो काही दिवस चालेलही, मग जाईल. मध्ये १२ व्होल्ट देणारा बक-बूस्ट (दाब उतरवणारा आणि चढवणारा) कन्व्हर्टर लावायचाच. नुसता बक नको, बॅटरी १२ च्या खाली उतरली की त्याचा हात तोकडा पडतो. बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज.

पंचक्रोशीतली वीज गेली तर टॉवरची बॅटरीही काही तासांनी बसते. तेव्हा घरची बॅटरी मोठी करण्यात अर्थ नाही.

२९ जून

दोन्ही लाइनींच्या वेगाची खरी बेरीज हवी असेल तर पलीकडे एक सर्व्हर लागतो, जो दोन्ही लाइनींवरून आलेली पाकिटं परत एकत्र करतो. ओपनएमपीटीसीपीराउटर हे त्यासाठीच आहे. विचार करून सोडलं. फायबरचा उशीर १२ मिलिसेकंद, सिमचा ६० ते ९०. इतक्या तफावतीत मंद लाइनवरच्या पाकिटासाठी वेगवान लाइन थांबते. शिवाय सिमचा दीड जीबी सकाळीच संपेल. बोटीवर किंवा चार सारख्याच सिमांवर ते शोभतं.

१७ जुलै

तक्रार: फायबर पडल्यावर टीव्ही चालूच राहिला आणि सिमचा डेटा गेला. रूल तपासले. टीव्हीचा रूल सगळ्यात खाली होता, डीफॉल्टच्या खाली. एमवॅन३ वरून खाली वाचतं आणि पहिला जुळला की थांबतं. डीफॉल्ट सगळ्यांशी जुळतो, त्यामुळे टीव्हीचा रूल दोन महिने कोणी वाचलाच नव्हता. वर नेला. टीव्हीला डीएचसीपीत कायमचा पत्ता दिला, रूल पत्त्यावर चालतो.

डेटा संपल्यावर सिम ६४ केबीपीएसवर येतं, पण पिंग जातातच. एमवॅन३ च्या लेखी लाइन ऑनलाइन, माणसाच्या लेखी मेलेली. ‘चेक क्वालिटी’ लावून उशीर मोजता येतो, तेव्हा काउंट १ ठेवून चालत नाही, एका पिंगवर नुकसान एक तर शून्य नाही तर शंभर टक्के. ५ ठेवला. पण सिम नाकारून जायचं कुठे? म्हणून खरा उपाय सिम वाचवणं: टीव्ही, फोनचे फोटो बॅकअप आणि राउटरवरचा डाउनलोड फक्त फायबरवर.

५ ऑगस्ट

बागेतले कॅमेरे मुंबईहून बघायचे. दोन्ही लाइनी सीजीनॅटमागे (कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते): ओएनटीच्या पानावर वॅनचा पत्ता १०० ने सुरू होतो आणि १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात पडतो. पोर्ट फॉरवर्ड कितीही केले तरी बाहेरून कोणी आत येत नाही. म्हणून राउटरनेच बाहेर जायचं: भाड्याच्या लहान सर्व्हरकडे वायरगार्ड टनेल (कूटबद्ध खाजगी वाट), कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारं पाकीट) २५ सेकंद. एमटीयू (पाकिटाची कमाल लांबी, बाइटमध्ये) १४२० वर हस्तांदोलन (जोडणीची पहिली देवाणघेवाण) झालं पण चित्र अडकत होतं, १३८० केल्यावर सुटलं.

फायबर पडल्यावर टनेल सिमवर गेला, ठीक. फायबर परत आलं तरी सिमवरच राहिला. दर २५ सेकंदांनी पाकीट जात असल्याने ट्रॅकिंगची नोंद कधी जुनी होतच नाही. तक्ता पूर्ण पुसायचा नव्हता, म्हणून एमवॅन३ डॉट यूजर फाइलमध्ये फायबर ‘कनेक्टेड’ झाल्यावर फक्त यूडीपी ५१८२० ची नोंद काढून टनेल खाली-वर करणं घातलं. त्याच फाइलमधून प्रत्येक बदलाची एक ओळ फ्लॅशवर लिहिली जाते. सिस्टिमचा लॉग रॅममध्ये असतो, वीज गेली की पुरावाही गेला.

राउटरला घड्याळाची बॅटरी नसते. वीज आल्यावर वेळ मागे असते आणि वायरगार्ड मागच्या वेळेचं हस्तांदोलन नाकारतो. एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ लावणं) वेळ जुळली की सुरळीत. एनटीपी टनेलमधून पाठवू नये, दोघं एकमेकांची वाट बघत बसतील.

३० ऑगस्ट

गणपती. घरात चौदा फोन, गावात चाकरमानी. सिमचा आरएसआरपी उणे ९४, म्हणजे अँटेना जागेवर. आरएसआरक्यू (सिग्नलची प्रत) मात्र उणे ९ वरून उणे १५ आणि वेग दीड एमबीपीएस. टॉवर तोच, गर्दी वाढली. याला अँटेना काही करू शकत नाही.

फायबर टिकलं, पण आरतीचे व्हिडिओ चढायला लागले की कॉल अडखळत. चढण भरली की उतरणीची पोचपावतीही रांगेत उभी राहते. एसक्यूएम (रांग आवरणारं पॅकेज) बसवलं, त्यात केक ही पद्धत, उतरण ३६ आणि चढण १८ एमबीपीएस, म्हणजे प्लॅनच्या नव्वद टक्के. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (चिपनेच पाकिटं परस्पर पुढे ढकलणं) बंद करावं लागतं, नाहीतर पाकिटं एसक्यूएमला वळसा घालून जातात. भरल्या लाइनवर पिंग १८० मिलिसेकंदांवरून २५ वर.

७ सप्टेंबर

मोजदाद, लिहिलेल्या ओळींवरून: ५ ऑगस्टपासून फायबर ११ वेळा पडलं, सगळ्यात लांब ७ तास ४० मिनिटं, सगळ्यात लहान ५० सेकंद. प्रकाश उणे २०.६. टेप उघडून कनेक्टर पाहिला, कोरडा.

राहिलेलं: माळा मार्चपासून तापतो, मोडेम त्याआधी पडवीत उतरवायचा, त्यासाठी अँटेना केबल दोन मीटरने वाढेल, एक डीबी जाईल. ऑक्टोबरच्या विजा सुरू होण्याआधी अरेस्टरची अर्थिंगची तार विहिरीजवळच्या मातीत न्यायची.